मास्तरांची पाटी, मायचं घर

“मयत खाली उतरवा! आधी मयत खाली, मग घंटी!”

नंदुरबारच्या एस.टी. स्टँडवर कंडक्टर ओरडत होता, आणि ज्याला तो मयत म्हणत होता ते माझ्या शेजारच्या जागेवर आडवं झोपलेलं होतं. गोधडीत गुंडाळलेलं, काथ्यानं आवळलेलं, चांगलं पैलवानाच्या छातीएवढं रुंद. सांगलीपासून इथवर इतक्या हमालांनी ते उचललं आणि आपटलं होतं की गोधडीचं एक टोक फाटलं होतं. त्या फटीतून नेमकं एकच अक्षर बाहेर डोकावत होतं. ‘कै.’

“अहो, पाटी आहे ही,” मी म्हणालो. “संगमरवरी पाटी. कैलासवासी माणसाच्या नावाची.”

“मंग मी काय सांगी ऱ्हायनू? कैलासवासी शे. एस.टी.मा चालत नही!”

एवढ्यावर भागलं असतं. पण गाडीत शहाद्याला निघालेलं लग्नाचं वऱ्हाड होतं. हळदीची माणसं, आणि त्यांच्यात मेलेल्याच्या नावाचा दगड! वरमाय उठून उभी राहिली, आणि ती उठली म्हणजे अर्धी गाडी उठल्यासारखं वाटलं. मी लगेच देवाला मनातल्या मनात नमस्कार केला आणि खोटं बोलायला सुरुवात केली. देवाला कळवून केलेलं खोटं हे मी खोट्यात धरत नाही.

“माय, कैलासवासी कुठला? हा पाटा आहे पाटा! मिरची वाटायचा. ‘कै.’ ही आमच्याकडच्या पाथरवटाची खूण. बहिणीच्या संसाराला नेतोय.”

वरमायनं फटीतून हात घालून दगडावर बोटं फिरवली. “टाकी तर लायेलच नही,” ती म्हणाली. “इतला गुळगुळीत! येवर मिरची कशी वाटाई?”

“सांगलीकडं मिरचीला आधी असा गुळगुळीत दगड दाखवतात. ती घाबरते आणि आपोआप बारीक होते.”

गाडी हसली. माणूस हसला की त्याला शकुन-अपशकुन आठवत नाही, हा माझा जन्मभराचा अनुभव. कंडक्टरनं मला अर्धं तिकीट जास्तीचं फाडून दिलं, घंटी मारली आणि कै. रामकृष्ण त्र्यंबक निरगुडे, कथालेखक, पाटा या नात्यानं शहाद्याकडे निघाले.

सांगली ते नंदुरबार या प्रवासाचं वर्णन मी करणार नाही. त्यात कोळशाचे कण आणि थंड चहा यांखेरीज काही नाही. पण मी का निघालो ते सांगायला हवं. निरगुडे मास्तर तरुणपणी शहाद्याला शिक्षक होते, आणि त्यांच्या गोष्टींतलं ते घर, मागच्या खोलीची खिडकी, खिडकीतून दिसणारा निळा सातपुडा, हे सगळं मी शाळेत असल्यापासून असं घोळून ठेवलं होतं की कधी कधी झोपेत मी त्याच खोलीत जागा व्हायचो. मास्तर गेले तेव्हा आमच्या वाचक मंडळानं ठरवलं की त्या घरावर पाटी लावायची. मी हात वर केला. बाकीच्यांनी हात खालीच ठेवले होते, म्हणून माझी एकमतानं निवड झाली.

मला न्यायला नंदुरबारला भगवानभाऊ आले होते. शहाद्याच्या वाचनालयाचे चिटणीस, आणि त्या घराच्या मालकिणीचे पुतणे. अंगानं काटकुळे, बोलणं मऊ. माझी पाट्याची कथा ते तोंडावर उपरणं धरून ऐकत होते. गाडी सुटल्यावर हळूच म्हणाले, “भाऊसाहेब, तुम्ही फार शोभून खोटं बोलता.”

मी नम्रपणे मान डोलावली.

होळीच्या आधीचे दिवस होते. रस्त्याच्या कडेला मिरची वाळत पडली होती. एक-दोन शेतं नव्हेत, जमिनीनंच लाल लुगडं नेसलं होतं. सगळी गाडी एकाच वेळी शिंकली. नवऱ्या मुलानं शिंकताना मुंडावळ्या तोंडात घेतल्या. त्याच्यापुढं पळस लागला, पानं नसलेला, नुसता पेटलेला. दूरवर कुठंतरी ढोल वाजत होता. भगवानभाऊ म्हणाले, डोंगरातली माणसं होळीच्या बाजाराला उतरतायत. ढोल जवळ येत नव्हता आणि लांबही जात नव्हता, गाडीच्या बरोबरीनं चालत असल्यासारखा वाजत होता. मला झोप येत होती की मी आधीच झोपलो होतो, हे आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

तापीकाठी

तापीजवळ गाडीनं एक उसासा टाकला आणि पुढून एवढी वाफ सोडली की वरमायला वाटलं, विहीणच आली रागावून. ड्रायव्हर बादली घेऊन पाण्यासाठी नदीत उतरला, मागून सगळं वऱ्हाड उतरलं. नवरदेवसुद्धा बूट हातात घेऊन वाळूतून चालू लागला.

आमची कृष्णा काळी, घाटांची, वळणावळणानं लाजत जाणारी. तापी म्हणजे सगळी वाळूच. पाणी कुठंतरी मधे, कुणी धोतर वाळत घालून विसरावं तसं पडलेलं. आणि त्या वाळूत टरबुजाच्या वाड्या! पाणी ओसरलं की इथली माणसं नदीच्या पोटातच शेती करतात. वाळूत खड्डे, खड्ड्यात खत, खतात वेल. पावसाळ्यात नदी शेत परत घेते, पुढच्या वर्षी पुन्हा देते. एका वाडीवाल्यानं टरबूज फोडून माझ्या हातात ठेवलं. माझ्या पायजम्यावरचा एक लाल डाग अजून गेलेला नाही. त्या टरबुजात बसून दोन माणसं नदी पार करू शकली असती. ज्याला खोटं वाटतं त्यानं जाऊन पाहावं.

भगवानभाऊ मात्र खात नव्हते. पलीकडच्या काठावरच्या केळीच्या हिरव्यागार पट्ट्याकडे बोट करून म्हणाले, “ते बघितलं? ती आमच्या रेवामायची जमीन.”

“वा! मोठी आहे की.”

“होती,” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. रेवामाय म्हणजे त्यांची थोरली काकू, त्या घराची मालकीण. यांचं घराणं गुजरातेतून पिढ्यांमागं तापीकाठी आलेलं. घरात गुजरी बोलतात, ओट्यावर अहिराणी, आणि माझ्यासारखा कुणी आला की शाळेतली मराठी. काका वारल्यावर रेवामायनं ती जमीन कसायला दिली. कूळ चांगलं होतं, वर्षाचं धान्य वेळेवर आणून घालायचं. पुढं कूळकायदा आला, कसणाऱ्याचं नाव लागलं आणि जमीन त्याची झाली. “कायदा वाईट नव्हता,” भगवानभाऊ म्हणाले. “राबणाऱ्याला मिळाली. मीही मायला तेच सांगितलं. पण तिच्या डोक्यात एकच बसलंय: नाव लागलं आणि वावर गेलं. आता तिच्याकडं ते घर तेवढं उरलंय. पाटीला मी कसंबसं हो म्हणवून घेतलंय. तुम्ही फक्त तिच्यासमोर जपून बोला.”

“भगवानभाऊ,” मी म्हणालो, “माझी जीभ म्हणजे तराजू आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि टरबुजाची फोड उचलली.

शहादा

घर स्टँडपासून हाकेच्या अंतरावर होतं. पुढं ओटा, जाड भिंती, निळा दरवाजा. रेवामाय दारातच उभी होती. वाळलेल्या शेंगेसारखी बारीक, डोक्यावर पदर, कानात सोन्याच्या जाड बाळ्या. गोधडीतल्या दगडाकडं तिनं आधी पाहिलं, मग माझ्याकडं.

“तू पाटीवाला का?”

“हो, माय.”

“ये. दगड भाईर ठेव, तू मजार ये.”

संध्याकाळी जेवायला मांडे होते. आमच्याकडं पुरणपोळी पोळपाटावर लाटतात. इथं ती हातावर नाचवतात. रेवामायनं पुरण भरलेला गोळा या हातावरून त्या हातावर झुलवत झुलवत वाढवला, तो कोपरापर्यंत आला, मला वाटलं आता खांद्यावरून पाठीवर जाणार. मग तो चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद पडला. ताटात आला तेव्हा ताट दिसेनासं झालं. वर दूध, तूप. मी तीन मांडे खाल्ले आणि सभ्यपणा म्हणून चौथ्याला नको म्हणालो, तर रेवामाय म्हणाली, “सांगलीमा इतलंच खातस? मंग पाटी कशी उचलशी?”

पण माझं लक्ष त्या खोलीकडं होतं. मागची खोली. मी दिव्याशिवायच गेलो, दार ढकललं, आणि ते उघडेना. आतून कुणीतरी दाबून धरल्यासारखं, मऊ मऊ. जोर लावला तशी फट झाली आणि फटीतून पांढरं काहीतरी माझ्या पायावर सांडलं.

कापूस. खोली जमिनीपासून आढ्यापर्यंत कापसानं भरलेली होती. इथं भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात, माणसं ओट्यावर सरकतात. भगवानभाऊंच्या वावरातला तो कापूस खोलीत ढग उतरल्यासारखा दिसत होता. वरच्या कोपऱ्यात खिडकीची एक पट्टी तेवढी उरली होती आणि त्या पट्टीत मावळतीचा सातपुडा. निळा. गोष्टींतल्यासारखाच निळा. मी दारातच बसलो. माझ्या मनातली खोली होती तशीच होती, फक्त कुणीतरी ती गादीत भरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी समारंभ. ओट्यावर सतरंजी, समोर शाळेची मुलं, डॉक्टर, दुकानदार, बाजाराला आलेली माणसं, आणि बैलसुद्धा. सुकलाल मिस्त्री सिमेंटची घमेली घेऊन तयार. पाटी गोधडीतून निघून उन्हात अशी झळकली की समोरच्या लोकांनी डोळ्यांवर हात धरले. ‘कै. रामकृष्ण त्र्यंबक निरगुडे, कथालेखक, येथे राहत होते.’ दरवाजाच्या उजव्या हाताला, रस्त्यावरून दिसेल अशी जागा ठरली होती.

मला बोलायला सांगितलं. मी जपूनच बोललो. सातपुड्यावर बोललो, तापीवर बोललो, मास्तरांच्या लेखणीवर बोललो. माणसं तल्लीन झाली होती, एक बैल तर रवंथ विसरला. मग शेवटाकडे आल्यावर छाती भरून आली. महाराष्ट्र होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते, आणि ते नाव तोंडात आलं की कुणाही वक्त्याला थांबणं अवघड जायचं. मी हात वर केला आणि गरजलो, “बंधूंनो! आजपासून हे घर एकट्या रेवामायचं राहिलं नाही! आजपासून हे घर अवघ्या महाराष्ट्राचं झालं!”

टाळ्या! टाळ्यांनी सुकलालच्या घमेल्यातलं पाणी हललं.

टाळ्या थांबल्या तेव्हा रेवामाय ओट्यावर आली. तिनं सतरंजीवर ठेवलेल्या पाटीकडं पाहिलं, पदर खोचला, आणि पाटीवर बसली. मांडी घालून, कैलासवासी मास्तरांच्या नावावर, निवांत.

“माय, हाई काय?” भगवानभाऊ धावले.

“मी उठत नही.”

“माय, लोक दखी ऱ्हायनात!”

“दखू दे.” मग ती माझ्याकडं वळली. “काल सांगस का नुसती पाटी शे. आज सांगस का घर महाराष्ट्रनं व्हई गयं. वावर बी असंच गयं. नाव लागनं आनि वावर गयं. आते घरले नाव लावी ऱ्हायना?”

“माय, तसं नाही, ती बोलायची रीत असते—”

“कोन महाराष्ट्र? तेले बलाव. मन्हा समोर बसाड. हाई घर बांधं तवय तो कोठे व्हता? माती मी तुडवेल शे. तेनी तुडवी का?”

गर्दीत एक म्हातारा म्हणाला, “बराबर शे मायनं.” लगेच चार जण बराबर म्हणाले. जे टाळ्या वाजवत होते तेच.

भगवानभाऊंनी कायदा समजावला. डॉक्टरांनी समजावला. मी तर अशी एकेक उदाहरणं दिली की लंडनमध्ये म्हणे एकेका भिंतीवर चार चार पाट्या असतात आणि मालक त्यांच्यामागं सुखानं झोपलेले असतात. रेवामाय ऐकत होती, हलत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हेच मला जड गेलं. ती नदीकाठी पाणी ओसरायची वाट बघत बसलेल्या माणसासारखी बसली होती. तिला खरंच वाटत होतं की आपण उठलो तर घर जाईल.

शेवटी भगवानभाऊ माझ्या कानाशी आले. “भाऊसाहेब, जे दिलं ते तुम्हीच परत घ्या. जेवढ्या मोठ्यानं दिलं तेवढ्याच मोठ्यानं.”

मी गळा साफ केला. आयुष्यात पुष्कळ सभांतून बोललो, पण महाराष्ट्राच्या हक्कावर पाणी सोडणारा वक्ता त्या सबंध वर्षात मी एकटाच असेन. “बंधूंनो! मी चुकून बोललो! या घरावर महाराष्ट्राचा काहीएक हक्क नाही! पुण्याचा नाही, मुंबईचा नाही, सांगलीचा तर मुळीच नाही! हे घर रेवामायचं होतं, आहे आणि राहील!”

“आखो एकदाव,” रेवामाय म्हणाली.

मी आणखी एकदा म्हणालो. दूर रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीवाल्यानं बैल थांबवून विचारलं, काय झालं. त्यालाही सांगितलं.

रेवामाय उठली. पाटी पदरानं पुसली आणि म्हणाली, “भगवान, हाई काय लिखेल शे, वाच.”

“‘येथे राहत होते’, माय.”

“मास्तर काय ओटावर ऱ्हाये का? रस्तावर ऱ्हाये? मांगनी खोलीमा ऱ्हाये. मंग तठे लावा. घरमा जे शे ते मन्हं शे, तठे कोनंबी नाव लागू दे.”

खरंच की! पाटीवर तेच लिहिलं होतं.

सुकलाल मिस्त्रीच्या खिशातल्या विड्या आणि काडेपेटी रेवामायनं आधी काढून घेतली, माझे खिसेही तपासले. मग आम्ही कापसात शिरलो. मिस्त्री पुढं, पाटी डोक्यावर घेतलेले दोघं मधे, मागं मी. कमरेपर्यंत, छातीपर्यंत, मग नाकापर्यंत. बाहेरचा सगळा आवाज विझला. ढोल, बैल, भगवानभाऊंची हाक, सगळं पांढऱ्यात बुडालं. मिस्त्री कुठंतरी भिंत शोधत होता, “सापडनी का?” “नही अजून,” एवढंच लांबून येत होतं. मी थांबलो. पाय जमिनीला टेकले आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. वरच्या पट्टीतून सातपुडा दिसत होता, आणि खिडकीशी कुणीतरी पाठमोरं बसून लिहीत होतं. कोटाच्या बाहीला कापूस चिकटलेला. मी हाक मारणार तोच त्यानं मान न वळवता डावा हात मागं केला, शाळेत मास्तर गडबड करणाऱ्या मुलाला करतात तसा. गप्प बस. मी गप्प बसलो. माझ्या जन्मात मी एवढा वेळ गप्प बसलेलो नाही, हे एक वाक्य तरी लोकांनी शपथेशिवाय खरं मानावं.

“सापडनी!” मिस्त्री ओरडला, आणि खिडकीशी कापूसच उरला.

खिडकीच्या खाली पाटी बसली. सिमेंटला इतका कापूस चिकटला की पाटीला पांढरी झालर आल्यासारखी दिसत होती. शाळेच्या मुलांना एकेक करून आत पाठवलं. प्रत्येकानं तिला हात लावला, प्रत्येक जण म्हातारा होऊन बाहेर आला. रेवामाय सगळ्यांत शेवटी गेली. ती आत काय करत होती ते मला दिसलं नाही. बाहेर येऊन ती दार लोटत असतानाच आतला कापूस हळूहळू सरकत, बसत, आमच्या वाटेवर परत आला. पाण्यात दगड टाकल्यावर पाणी मिटतं तसा.

स्टँडवर जायची वेळ झाली. माझ्या गोधडीत आता दगडाऐवजी मांडे होते. मी ओट्यावर उभा राहिलो आणि शेवटचा प्रयत्न केला.

“माय, पण लांबून लांबून लोक येणार, मास्तरांची पाटी बघायला. त्यांना ती दिसणार कधी?”

रेवामाय कपाळावर हात धरून रस्त्याकडं बघत होती, माझी गाडी आली का ते.

“कापूस इकाय जाई,” ती म्हणाली, “मंग दिसी.”